कमी बजेटचा गेमिंग पीसी: प्रोसेसरवर किती घालायचे, ग्राफिक्स कार्डावर किती?

२०२२ च्या दिवाळीला बोनस मिळाला आणि मी पहिला गेमिंग पीसी बांधून घेतला. प्रोसेसर घेतला रायझन ७ ५७००एक्स, साधारण २२ हजारांचा. आठ कोर (एकाच वेळी काम करणारे आठ भाग), सोळा थ्रेड (कामाच्या ओळी). उरलेल्या पैशांत जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड बसलं, १५ हजारांच्या आसपास. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, तो तगडा घेतला की बाकीचं निभावून जातं, असं तेव्हा मला खरोखर वाटत होतं. घरी येऊन रेड डेड रिडेम्प्शन २ लावला. मीडियम सेटिंगला सेकंदाला ४० फ्रेम्स, म्हणजे ४० चित्रं. घोडा गावात शिरला की त्याहूनही खाली.

चार दिवसांनी एक मित्र घरी आला. त्यानं खेळ चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दिसतील असं करून दिलं. कार्ड ९८ टक्के, प्रोसेसर २२ टक्के. तो म्हणाला, "बावीस हजाराचा गडी नुसता बसून हाय बे, आन् समदं ओझं त्या बारक्यावर टाकलायस." त्या दोन आकड्यांत मला सगळं कळलं. पुढच्या वर्षी मी फक्त कार्ड बदललं, आरएक्स ६६०० लावलं, आणि त्याच खेळात त्याच सेटिंगला ७५ च्या आसपास फ्रेम्स यायला लागल्या. प्रोसेसर तोच, रॅम तीच.

त्यानंतर भाच्याचा पीसी बांधला, मग कॉलनीतल्या दोघांचे, मग ऑफिसमधल्या एकाच्या मुलाचा. सोलापुरात ४०-६० हजार जमवून पीसी घेणारं घर ते पैसे एकदाच काढतं. पुन्हा काढायला दोन-तीन वर्षं जातात. म्हणून ही वाटणी पहिल्याच वेळी नीट जमायला हवी. मी ज्या क्रमानं जातो तोच क्रम खाली दिला आहे.

१. आधी खेळांची यादी करा, मग मॉनिटर ठरवा

दुकानात जाण्यापूर्वी वहीत पाच खेळ लिहा. "सगळेच खेळणार" असं लिहू नका. पुढच्या वर्षभरात खरोखर खेळणार आहात ते पाच.

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धेच्या खेळांत चित्र साधं असतं, पण फ्रेम्स १४४ च्या वर हव्या असतात. तिथं भार प्रोसेसरवर येतो. सायबरपंक २०७७, रेड डेड रिडेम्प्शन २ अशा गोष्टीच्या खेळांत पाऊस, प्रकाश, सावल्या, लांबचे डोंगर असतात आणि ६० फ्रेम्स मिळाल्या तरी माणूस समाधानी असतो. तिथं भार कार्डावर. भाच्याच्या यादीत पाचांपैकी चार गोष्टीचे खेळ होते, त्यामुळे त्याचं काम सोपं झालं. ऑफिसातल्या त्या मुलाच्या यादीत पहिलं नाव व्हॅलोरंट आणि दुसरंही जवळपास तसलंच. त्याला महागडं कार्ड घ्यायला लावलं असतं तर वडिलांचे पैसे वाया गेले असते.

आता मॉनिटर. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर कार्डानं १५० फ्रेम्स काढल्या तरी पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलतो. घरात जुना ६० किंवा ७५ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर असेल आणि तोच वापरायचा असेल, तर प्रोसेसरवर जादा पैसे घालण्याला फारसा अर्थ उरत नाही. १४४ हर्ट्झचा घेणार असाल तर त्याचे पैसे बजेटमध्ये आत्ताच धरा, शेवटी नको. शेवटी धरले की कुऱ्हाड कार्डावर पडते.

२. दोघांत कामाची वाटणी कशी असते

माझी आजी सोलापूरच्या पूर्व भागात सुताच्या कांड्या भरायची. मागावर धोट्यात कांडी बसते, संपली की दुसरी तयार लागते. कांड्या भरून झाल्या नसतील तर चांगला माग उभा राहतो. आणि माग संथ असेल तर भरलेल्या कांड्यांचा नुसता ढीग पडतो, कापड काही वाढत नाही.

खेळात प्रोसेसर कांड्या भरतो. शत्रू कुठं आहे, गोळी कुणाला लागली, कुठली वस्तू चित्रात येणार, हे सगळं ठरवून तो प्रत्येक फ्रेमची तयारी कार्डाकडे देतो. कार्ड ते चित्र विणतं. ६० फ्रेम्ससाठी दोघांनाही प्रत्येक फ्रेममागं सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ साठी जेमतेम ६.९. दोघांत जो हळू, त्याच्या चालीनं खेळ चालतो. यालाच सगळे बॉटलनेक म्हणतात.

यातून एक फार उपयोगाची गोष्ट निघते. रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) वाढवलं, सावल्या चांगल्या केल्या की कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे कार्ड कमी पडलं तर सेटिंग खाली आणून तुम्ही निभावून नेऊ शकता. प्रोसेसर कमी पडला तर सेटिंग खाली आणून फारसा फरक पडत नाही, खेळ मधूनमधून अडकतच राहतो. सरासरी ७० फ्रेम्स दिसतात आणि तरी हात अडखळल्यासारखं वाटतं. म्हणून माझं मत असं की पैसे कार्डावर जास्त घालावेत, पण प्रोसेसर एका पातळीच्या खाली कधीच उतरू देऊ नये.

दोन अपवाद लक्षात ठेवा. रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश आणि सावल्या दाखवणारी सोय) लावलं की प्रोसेसरचंही काम वाढतं. आणि डीएलएसएस किंवा एफएसआर लावलं की कार्ड आतून लहान चित्र काढून मोठं करतं, त्यामुळे कार्ड मोकळं होतं आणि ओझं पुन्हा प्रोसेसरकडे सरकतं.

३. जुना पीसी असेल तर आधी मोजा

नवीनच घेणार असाल तर हे वाचून पुढं जा. घरात पीसी असेल आणि त्यात फक्त एकच गोष्ट बदलायची असेल, तर ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. इथं अर्धा तास दिला तर वीस हजार वाचू शकतात.

एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं, तेही बसवा. सेटिंगमध्ये मॉनिटरिंगच्या पानावर जीपीयू युसेज (कार्डाचा वापर), सीपीयू युसेज (प्रोसेसरचा वापर), फ्रेमरेट आणि दोघांचं तापमान एवढं निवडा आणि प्रत्येकापुढं "ऑन-स्क्रीन डिस्प्ले" वर खूण करा. आता खेळ सुरू करा. खेळातली फ्रेमची मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) दोन्ही बंद करा. हे विसरलात तर कार्ड मुद्दाम थांबून राहील, ६० टक्के दिसेल आणि तुम्ही दोष प्रोसेसरला द्याल. ही चूक मी दोन जणांकडे पाहिली आहे.

दहा मिनिटं गर्दीच्या जागी खेळा. शहराचा चौक, मोठी लढाई, असं काहीतरी. मोकळ्या माळावर मोजून काही कळत नाही.

कार्ड ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल आणि फ्रेम्स हव्या तेवढ्या नसतील तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ५०-७० वर रेंगाळत असेल आणि फ्रेम्सही हव्या तेवढ्या नसतील तर प्रोसेसर कमी पडतोय. प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र विसंबू नका. बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड पूर्ण भरला तर एकूण आकडा जेमतेम ८ टक्के दिसतो. खेळाचं मुख्य काम बऱ्याचदा एक-दोन थ्रेडवरच चालतं, त्यामुळे एकूण ३५ टक्के दिसत असतानाही प्रोसेसर हातघाईवर आलेला असू शकतो. म्हणून खरा साक्षीदार कार्डाचा आकडा.

खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम्स भरपूर वाढल्या तर अडचण कार्डाची. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसरची.

जुळे सोलापुरातल्या एका ओळखीच्या मुलानं आय ५ ४४६० वर आरएक्स ६६०० लावलं होतं. तो प्रोसेसर २०१४ सालचा, चार कोर आणि चारच थ्रेड. कार्ड नवं, भारी, आणि खेळ दर काही सेकंदांनी गचके खात होता. मोजलं तर कार्ड ५५ टक्के, प्रोसेसर १००. ७२० ला नेलं, फ्रेम्स तेवढ्याच. पोरगं रडकुंडीला आलं होतं, त्याला वाटत होतं कार्डच खराब निघालं. कार्ड चांगलं होतं. पुढं मदरबोर्ड (सगळे पार्ट जिथं बसतात तो बोर्ड), रॅम आणि प्रोसेसर बदलल्यावर तेच कार्ड ९७ वर गेलं आणि गचके थांबले.

इंटरनेटवर दोन नावं टाकली की "तुमचा बॉटलनेक १४ टक्के" असं सांगणारी पानं आहेत. त्यांना ना तुमचा खेळ माहीत, ना मॉनिटर. त्यांच्यावर पैशाचा निर्णय घेऊ नका.

४. पैशाची वाटणी

मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस बाजूला ठेवून फक्त डब्याचा, म्हणजे कॅबिनेट आणि त्याच्या आतल्या पार्टचा, विचार करू.

गोष्टीचे खेळ, ६० ते ७५ हर्ट्झ: प्रोसेसरला १ रुपया तर कार्डाला पावणेदोन ते सव्वादोन रुपये.

स्पर्धेचे खेळ, १४४ हर्ट्झ: प्रोसेसरला १ रुपया तर कार्डाला सव्वा ते दीड रुपया.

भाच्याचा पीसी २०२३ मध्ये बांधला तेव्हा माझ्या वहीतला हिशेब असा होता, गोल आकड्यांत:

- प्रोसेसर, रायझन ५ ५६००: १२,०००
- कार्ड, आरएक्स ६६००: २१,०००
- बी५५० मदरबोर्ड: ९,०००
- १६ जीबी रॅम, आठ-आठच्या दोन पट्ट्या: ३,५००
- ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी (साठवणीची वेगवान डिस्क): ३,०००
- ५५० वॉटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा भाग): ४,५००
- जाळीचा कॅबिनेट: ३,५००

एकूण ५६,५००. आज हे भाव असेच मिळतील असं धरून चालू नका. २०२५ च्या अखेरीपासून तर रॅमचे भाव चांगलेच चढले. आकड्यांपेक्षा प्रमाण बघा: कार्ड एकूण खर्चाच्या ३७ टक्के, प्रोसेसर २१ टक्के. रॅम महागली म्हणून पैसे काढायची वेळ आलीच तर आधी कॅबिनेटच्या दिव्यांतून काढा, मग बोर्डातून. एसएमपीएसमधून कधीच नाही.

बजेट ४० हजारांवरच अडलं असेल तर? मी सांगेन, प्रोसेसर-बोर्ड-एसएमपीएस नीट घ्या आणि कार्ड चांगलं तपासून जुनं घ्या. कार्ड बदलायला दोन स्क्रू आणि एक वायर लागते. प्रोसेसरचं तसं नाही. तो पुढच्या पिढीचा घ्यायचा झाला की बऱ्याचदा बोर्ड बदलतो आणि बोर्डासोबत रॅमही.

५. प्रोसेसर: खालची पातळी कुठं

आज नवा घेताना सहा कोर, बारा थ्रेड ही माझी खालची पातळी. रायझन ५ ५६०० किंवा कोर आय ५ १२४००एफ, दोन्ही २०२२ सालचे, दोन्ही आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० च्या कार्डाला पुरतात. फारच ओढाताण असेल तर चार कोर आठ थ्रेडचा आय ३ १२१००एफ चालतो, पण पुढं बदलायची तयारी ठेवून.

या पायरीवर फसगत होते ती नावांमुळे, म्हणून थोडं सविस्तर.

"आय ७ गेमिंग पीसी, १८ हजारात" अशी पाटी दिसली तर पहिला प्रश्न: कितव्या पिढीचा? बऱ्याचदा तो आय ७ ३७७० निघतो, म्हणजे २०१२ सालचा. त्यात चार कोर, आठ थ्रेड. आय ३ १२१००एफ मध्येही चार कोर, आठ थ्रेडच, पण दहा वर्षांनंतरचे, आणि तो त्या आय ७ ला खूप मागं टाकतो. शिवाय तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या इंटेलवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा मोफत नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डावरच्या सुरक्षेच्या सोयी लागतात, त्याही जुन्या बोर्डावर सहसा मिळत नाहीत.

इंटेलच्या नावाच्या शेवटी "एफ" असेल तर त्यात डिस्प्ले, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारा भाग, नसतो. कार्ड नंतर घेणार असाल तर तोवर पडदा काळाच राहील. रायझन ५ ५६०० लाही डिस्प्ले नाही. ५६००जी ला आहे. कार्ड सहा महिन्यांनी घेणाऱ्यांसाठी ५६००जी बरा, पण त्यात एल-थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२ एमबी. ५५०० मध्येही १६. पीसीआयईही (बोर्ड आणि कार्ड यांच्यातली वाट) या दोघांत ३.० आहे, ५६०० मध्ये ४.०. पंधराशे-दोन हजारांच्या फरकासाठी ५५०० घेऊ नका, कारण पुढचं पाऊल त्याच्यावर अडतं.

"ट्रे" प्रोसेसर म्हणजे खोक्याविना आलेला. पंखाही मिळत नाही, वॉरंटीही विकणाऱ्यावर अवलंबून. बॉक्सचाच मागा.

थोडे जास्त पैसे असतील तर एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा) बोर्ड आणि रायझन ५ ७६०० चा विचार करा. एएम४, म्हणजे ५६०० चं जुनं सॉकेट, आता शेवटाला आलेलं आहे, एएम५ ला २०२७ आणि त्यापुढंही नवे प्रोसेसर देणार असं एएमडीनं जाहीर केलंय. पण त्याला डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅम लागते आणि तिथंच बजेट मोडतं. कार्ड दोन पायऱ्या खाली उतरवून एएम५ घेणं मला पटत नाही.

६. कार्ड: एकाच नावाच्या दोन वस्तू

आठ जीबी मेमरी ही आजची खालची पातळी धरा. चार जीबीच्या कार्डावर नवे खेळ चालू होतात, पण टेक्श्चर भरायला जागा उरत नाही आणि मग अडकायला लागतात. याला प्रोसेसरचा दोष समजणारे पुष्कळ आहेत.

पण नुसत्या मेमरीच्या आकड्यालाही भुलू नका. जीटी ७३० कार्ड ४ जीबीचं मिळतं, आणि २०१४ सालच्या त्या कार्डाला आजचे खेळ झेपत नाहीत. आता नावांचे घोळ:

आरटीएक्स ३०५० दोन आहेत. जानेवारी २०२२ चं ८ जीबीचं आणि फेब्रुवारी २०२४ चं ६ जीबीचं. फरक फक्त दोन जीबीचा नाही. सहावाल्यात कोर कमी आहेत, २५६० ऐवजी २३०४, आणि मेमरीची वाट १२८ ऐवजी ९६ बिटची. त्याचा एक गुण आहे: ७० वॉटमध्ये चालतं, त्यामुळे ऑफिसच्या जुन्या ब्रँडेड डब्यात वेगळ्या वायरशिवाय बसणारे नमुने मिळतात. तेवढ्याच कामासाठी घ्या.

आरएक्स ५८० मध्येही दोन प्रकार: २३०४ कोरचं अस्सल आणि २०४८ कोरचं. खोक्यावर किंवा जीपीयू-झेड सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा बघा.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं. पण ते बोर्डाशी चारच लेननं, म्हणजे अरुंद वाटेनं, बोलतं. पीसीआयई ३.० च्या बोर्डावर, म्हणजे ए५२० किंवा जुन्या बी४५० वर, ती वाट अर्धी होते आणि ४ जीबी मेमरी भरली की फ्रेम्स कोसळतात. त्यात व्हिडिओ एन्कोडरही नाही, त्यामुळे खेळ रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणाऱ्यांनी तर लांबच राहावं.

इंटेलचं आर्क बी५८०, डिसेंबर २०२४ चं, १२ जीबी मेमरीचं, पैशाच्या मानानं चांगलं कार्ड. पण त्याला बोर्डावर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू लागतं आणि जुन्या किंवा हळू प्रोसेसरसोबत ते मार खातं. नव्या सहा कोरच्या प्रोसेसरसोबतच घ्या.

जुनं कार्ड घेताना: सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं राबवून ते मिळवणं) संपलं आणि खाणीत राबलेली कार्डं बाजारात ढिगानं आली. त्यातली सगळी वाईट नसतात. विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्या पीसीवर वीस मिनिटं एखादा जड खेळ किंवा फरमार्क (कार्डावर ताण टाकणारं सॉफ्टवेअर) चालवून बघा. पडद्यावर ठिपके-रेघा, पंख्याचा खरखराट, तापमान ८५ च्या वर, यातलं काही दिसलं तर नमस्कार करून परत या.

७. आपल्या गावाचं ऊन, धूळ आणि लाइट

पुण्या-मुंबईच्या लोकांनी केलेल्या व्हिडिओत हे येत नाही. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ वर जातो. खोलीतलीच हवा ३६-३७ अंश असते, आणि तीच हवा कॅबिनेट आत ओढतो. पुढून काच असलेला कॅबिनेट दिसायला सुंदर, पण त्यात कार्ड तापतं, मग स्वतःचा वेग कमी करतं. पुढून जाळी, दोन पंखे आत हवा घेणारे, एक मागं बाहेर टाकणारा. एवढं बघा, बाकी दिवे-बिवे नंतर.

यंत्रमागाच्या भागात राहत असाल तर सुताचा बारीक तंतू हवेत असतो. भाच्याच्या कॅबिनेटच्या जाळीवर दोन महिन्यांत पांढरी गादी जमली होती, बोटानं सोलून निघाली. जाळी काढून ब्रशनं झाडल्यावर कार्डाचं तापमान नऊ अंशांनी उतरलं. महिन्यातून एकदा हे करा.

एसएमपीएस: कॅबिनेटसोबत फुकट येणारा "४५० वॉट" वापरू नका. आरएक्स ६६०० चा खर्च १३२ वॉट आहे, आरटीएक्स ४०६० चा ११५. प्रोसेसर धरून सगळा डबा २५०-३०० वॉटच्या आत राहतो, म्हणून चांगल्या कंपनीचा ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझ पुष्कळ. यूपीएस घेताना व्हीए नाही, वॉट बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. लाइट गेल्यावर खेळ सेव्ह करून बंद करण्यापुरता तो पुरतो.

आणि रॅम दोन पट्ट्यांतच घ्या. १६ ची एक पट्टी घेतली तर प्रोसेसर अर्ध्या वाटेनं मेमरीशी बोलतो आणि फ्रेम्सचं नुकसान होतं.

८. खरेदी आणि कागदपत्रं

मी तीन ठिकाणचे भाव काढतो: नवी पेठेतल्या दोन-तीन दुकानांतून, ऑनलाइन, आणि मोठी खरेदी असेल तर पुण्यातून. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं गेलं की संध्याकाळी त्याच गाडीनं परत येता येतं. पण हजार-दीड हजाराच्या फरकासाठी गावातलं दुकान सोडू नका. काही बिघडलं तर आपल्या वतीनं धावणारा माणूस इथंच लागतो.

सगळ्या पार्टचा एकच आकडा देणारं कोटेशन घेऊ नका. प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव आणि वेगळा भाव लिहून मागा. "८ जीबी ग्राफिक्स" एवढंच लिहिलेलं चालणार नाही.

सोबत ठेवायचं:

- जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर प्रोसेसर, कार्ड, बोर्ड, एसएमपीएसचे सिरियल नंबर
- सगळी मूळ खोकी, वॉरंटी संपेपर्यंत
- हप्त्यानं घेत असाल तर आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक
- ऑनलाइन मागवलं असेल तर पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ
- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, थर्मल पेस्ट, विंडोजसाठी १६ जीबीचा पेन ड्राइव्ह

"बिल नको असेल तर कमी करतो" हे ऐकू आलं तर जीएसटीचे १८ टक्के वाचल्याचा आनंद नको. वॉरंटीच्या वेळी हातात दाखवायला काही उरत नाही.

बी४५० सारखा जुना बोर्ड घेत असाल तर ५६०० चालण्यासाठी त्याचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) नवं केलेलं आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा आणि दुकानातच चालू करून बघा.

९. पहिल्या संध्याकाळी

एचडीएमआयची वायर कार्डाच्या खाचेत लावा, बोर्डाच्या नाही. कॉलनीतल्या एकाचा नवा पीसी आठवडाभर बोर्डाच्या डिस्प्लेवर चालत होता, कार्ड नुसतं फिरत होतं.

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू करा. नाही केलं तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहते. तिथंच रिसायझेबल बारही चालू करा. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटर खरोखर १४४ हर्ट्झवर आहे का बघा, पहिल्यांदा तो ६० वरच असतो.

ड्रायव्हर एएमडी, एनव्हिडिया किंवा इंटेलच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या.

शेवटी तिसऱ्या पायरीतली मोजणी करा आणि आकडे त्याच वहीत, खेळांच्या यादीखाली, तारखेसह लिहा: कार्ड किती टक्के, प्रोसेसर किती, तापमान किती, फ्रेम्स किती. कार्ड ९५ च्या वर आणि फ्रेम्स मॉनिटरच्या आकड्याजवळ असतील तर वाटणी जमली. पुढं कधी खेळ अडकायला लागला की ते पान उघडून पुन्हा मोजा. तापमान वाढलेलं दिसलं तर आधी जाळी झाडा.